मासिकासोबतची जुनी सीडी रिस्क ओएसवर: पहिल्यांदा उघडणाऱ्यांसाठी

सीडी घातली, खिडकी उघडली, इंडेक्स नावाची फाइल दिसली, तिच्यावर डबल क्लिक केलं. आणि समोर आला तो टोकदार कंसांनी भरलेला मजकूर, एडिट या मजकूर लिहायच्या अ‍ॅपच्या पांढऱ्या खिडकीत. चित्रं नाहीत, दुवे नाहीत, मुखपृष्ठ नाही. रिस्क ओएस या जुन्या ब्रिटिश संगणकप्रणालीवर मासिकाची कव्हर सीडी पहिल्यांदा उघडणाऱ्या अनेकांची सुरुवात अशीच होते. सीडी खराब नसते आणि ब्राउझरही ठीक असतो. त्या फाइलच्या अंगावरचा एक शिक्का तेवढा हरवलेला असतो. हा शिक्का म्हणजे काय, तो कुठे हरवतो आणि कसा जपायचा हे कळलं, की या सीड्या सुखाने चालतात. पुढचा सगळा लेख त्याच शिक्क्याभोवती फिरतो.

थोडी पार्श्वभूमी. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने १९८७ साली आर्किमिडीज हा संगणक आणला. त्यात कंपनीची स्वतःची एआरएम चिप होती. त्याची पुढे रिस्क ओएस नावाने वाढलेली प्रणाली १९९४ च्या रिस्क पीसीवरही चालली आणि आज रास्पबेरी पायवरही चालते. १९९८ मध्ये एकॉर्नने संगणक बनवणं थांबवलं, पण हौशी लोकांनी मशीनं सोडली नाहीत. या मशीनसाठीच्या ब्रिटिश मासिकांसोबत आधी फ्लॉपी येत, पुढे सीडी येऊ लागली. फ्लॉपीत ८०० केबी किंवा फार तर १.६ एमबी मावायचं, त्यामुळे त्यात काय आहे हे एका नजरेत दिसे. सीडीत ६५० एमबी. एवढ्या पसाऱ्यात वाट दाखवायला अनुक्रमणिका हवी, आणि तोवर एचटीएमएल, म्हणजे वेबपानं लिहायची भाषा, हाताशी आलं होतं. इंटरनेटचं कनेक्शन नसलेल्या घरातही ब्राउझरमध्ये सीडीची पानं चाळता येत. म्हणून अशा सीडीवर लेख, चित्रं, प्रोग्रॅमची माहिती आणि त्यांचे दुवे पानांच्या रूपात मांडलेले सापडतात.

एक सूचना आधीच देतो. या लेखात आज्ञा आणि फाइलची नावं देवनागरीत लिहिली आहेत, कीबोर्डवर मात्र ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची आहेत.

आधी मशीन ठरवा

तीन वाटा आहेत. खरा रिस्क पीसी किंवा त्याच्या आगेमागे आलेलं मशीन तुमच्याकडे असेल आणि त्याचा सीडी ड्राइव्ह अजून फिरत असेल, तर उत्तमच. दुसरी वाट रास्पबेरी पायची: त्याच्यावर रिस्क ओएस ५ चालतं, वेगवान आहे, पानं झरझर उघडतात. तिसरी वाट म्हणजे तुमच्या नेहमीच्या संगणकावर आरपीसीईएमयू हा इम्युलेटर. तो रिस्क पीसीची हुबेहूब नक्कल करतो.

नव्या माणसाने तिसऱ्या वाटेने जावं असं माझं ठाम मत आहे. कारण सांगतो. १९९० च्या दशकातले बहुतेक रिस्क ओएस प्रोग्रॅम २६ बिटी आहेत. त्या काळच्या एआरएम चिपमध्ये पुढची आज्ञा कुठली हे सांगणारा पत्ता आणि चिपच्या स्थितीच्या खुणा चिपमधल्या एकाच छोट्या कप्प्यात, म्हणजे आर१५ या रजिस्टरमध्ये, दाटीवाटीने बसवलेल्या असत. पत्त्याला त्यात २६ बिटांइतकीच जागा. नंतरच्या चिपमध्ये ही दोन्ही कामं वेगळी झाली आणि रिस्क ओएस ५ पूर्णपणे ३२ बिटी झालं. परिणाम असा, की पायवर सीडीची पानं छान वाचता येतात, बेसिकमध्ये लिहिलेले प्रोग्रॅम बरेचदा चालतात, पण यंत्रभाषेत किंवा सीमध्ये लिहिलेला जुना प्रोग्रॅम तोंडावर आपटतो. पायवर एम्युलर नावाचं साधन अशा प्रोग्रॅमना आधार देतं, पण पहिल्याच दिवशी तो घोळ कशाला?

आरपीसीईएमयूमध्ये कुठला रॉम (मूळ मशीनच्या चिपमधली प्रणाली, फाइलच्या रूपात) घालता यावरही हेच अवलंबून आहे. रिस्क ओएस ओपन ही संस्था रिस्क पीसीसाठीचा रिस्क ओएस ५ चा रॉम विनामूल्य देते. त्याचं नाव आयओएमडी. सोबत हार्डडिस्क४ नावाचा संच मिळतो, त्यात मशीन सुरू होताना चालणारं !बूट आणि बाकी आवश्यक गोष्टी असतात. पानं वाचण्यासाठी हे पुरेसं आहे. पण इम्युलेटर रिस्क पीसीचा असला तरी हा रॉम ३२ बिटी आहे, तेव्हा जुने प्रोग्रॅम इथेही अडतात. सीडीवरचे खेळ आणि डेमो चालवायचे असतील, तर रिस्क ओएस ३.७ किंवा ४ चा रॉम हवा. तो स्वतःच्या जुन्या मशीनमधून उतरवलेला किंवा रीतसर परवाना घेऊन मिळवलेला असावा.

सीडीची प्रत: इथे घाई नको

ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि सर्वाधिक नुकसान इथेच होतं. माझंही झालं. पहिली सीडी हातात आली तेव्हा मी ती नेहमीच्या संगणकात घातली, सगळ्या फाइल निवडल्या, एका फोल्डरमध्ये ओढल्या, ते फोल्डर इम्युलेटरला दाखवलं आणि खूश झालो. मग खिडकी उघडली तर एकही अ‍ॅप दिसेना. सगळीकडे नुसती पांढरी कोरी आयकॉन, आणि अ‍ॅपच्या जागी खालच्या रेघेने सुरू होणारी डिरेक्टरींची नावं. ती संध्याकाळ मी सीडी खराब आहे असं समजून घालवली.

झालं होतं ते असं. रिस्क ओएसमध्ये फाइल कुठल्या प्रकारची आहे हे नावाच्या शेपटावरून ठरत नाही. प्रत्येक फाइलला तीन हेक्स अंकांचा (० ते ९ आणि ए ते एफ) प्रकार असतो, तो फाइलच्या नावापासून वेगळा साठवला जातो. हाच तो शिक्का. एचटीएमएलचा शिक्का एफएएफ, साध्या मजकुराचा एफएफएफ, बेसिक प्रोग्रॅमचा एफएफबी, स्प्राइट चित्राचा एफएफ९, जेपेगचा सी८५. आयकॉन कोणतं दिसेल आणि डबल क्लिक केल्यावर काय होईल, हे सगळं शिक्क्यावर ठरतं.

आता, सीडीच्या आयएसओ ९६६० या प्रमाणात असा शिक्का ठेवायची जागाच नाही. एकॉर्नने त्यावर छान तोड काढली. सीडीच्या डिरेक्टरीत प्रत्येक नोंदीच्या शेवटी प्रणालीला हवं ते लिहायला थोडी मोकळी जागा सोडलेली असते. तिथे ३२ बाइटचा एक तुकडा ठेवला. त्याची सुरुवात ‘आर्किमिडीज’ या दहा अक्षरांनी होते, मग लोड पत्ता, एक्झेक पत्ता आणि फाइलचे गुणधर्म. फाइलचा शिक्का आणि तारीख-वेळ या दोन पत्त्यांमध्येच गुंफलेली असते. शिवाय रिस्क ओएसमध्ये अ‍ॅप म्हणजे उद्गारचिन्हाने सुरू होणारी डिरेक्टरी, आणि आयएसओच्या काटेकोर नियमात उद्गारचिन्ह बसत नाही. म्हणून सीडीवर त्या जागी खालची रेघ लिहायची आणि गुणधर्मांमध्ये एक बिट उभा करायचा, ज्याचा अर्थ ‘हे खरं तर उद्गारचिन्ह आहे’.

रिस्क ओएस हा तुकडा वाचतं आणि सगळं जागच्या जागी दाखवतं. विंडोज किंवा लिनक्स तो तुकडा बघतही नाहीत. त्यांच्यातून फाइल ओढून काढल्या, की मजकूर येतो पण शिक्के मागेच राहतात आणि उद्गारचिन्हांच्या जागी रेघा येतात. पाचेकशे फाइलना हाताने परत शिक्के मारत बसणं हे काम मी कुणाला सुचवणार नाही.

तेव्हा फाइल कॉपी करायच्या नाहीत. अख्ख्या सीडीची आयएसओ प्रतिमा काढायची, म्हणजे सीडीवरचा प्रत्येक सेक्टर (डेटाचा ठरावीक आकाराचा तुकडा) जसाच्या तसा एका मोठ्या फाइलमध्ये. सीडी जाळायच्या जवळपास कुठल्याही प्रोग्रॅममध्ये ही सोय असते, लिनक्सवर डीडी ही आज्ञा आहेच. सीडी आधी मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसून घ्या, गोल गोल घासू नका. ओरखडे असतील आणि वाचन मध्येच थांबत असेल, तर डीडीरेस्क्यू वापरा: तो आधी चांगला भाग उचलतो, वाईट जागांची नोंद एका नकाशा फाइलमध्ये ठेवतो आणि नंतर तेवढ्याच जागांवर पुन्हा प्रयत्न करतो. दुसऱ्या ड्राइव्हमध्ये तीच सीडी घालून तोच नकाशा पुढे चालवला, तर पहिल्या ड्राइव्हला न जमलेले सेक्टर कधी कधी मिळून जातात.

प्रतिमा झाल्यावर तिचा आकार बघा. डेटा सीडीचा सेक्टर २०४८ बाइटचा असतो, तेव्हा फाइलच्या आकाराला २०४८ ने निःशेष भाग जायला हवा. बाकी उरली, तर काहीतरी अर्धवट राहिलंय. काही सीड्यांवर डेटासोबत गाण्यांचे ट्रॅकही असतात. साध्या आयएसओत ते येत नाहीत, त्यांच्यासाठी बिन आणि क्यू अशा जोडीने प्रतिमा काढावी लागते.

इम्युलेटरमध्ये सीडी चढवणं

आरपीसीईएमयू सुरू करा. वरच्या डिस्क मेनूमध्ये सीडी-रॉम आहे, तिथे आयएसओ इमेज निवडून तुमची फाइल दाखवा. खाली आयकॉन बारवर डावीकडे, डिस्कच्या शेजारी, सीडीचं आयकॉन दिसायला हवं. नसेल, तर रिस्क ओएसला सीडी ड्राइव्ह आहे हेच माहीत नाही. कॉन्फिगर या सेटिंगच्या अ‍ॅपमध्ये डिस्क्सची खिडकी उघडा, सीडी-रॉम ड्राइव्हची संख्या १ करा आणि मशीन रिसेट करा.

माऊसबद्दल दोन शब्द, कारण नवीन माणूस इथे हमखास अडखळतो. रिस्क ओएसला तीन बटणं लागतात आणि तिन्हींना नावं आहेत: डावं सिलेक्ट, मधलं मेनू, उजवं अ‍ॅडजस्ट. खिडकीला वर मेनूपट्टी नसते. मेनू हवा असेल तर जिथे काम आहे तिथेच मधलं बटण दाबायचं. तुमच्या माऊसला मधलं बटण नीट दाबता येत नसेल, तर इम्युलेटरच्या सेटिंगमध्ये दोन बटणांच्या माऊसची सोय चालू करा. अ‍ॅडजस्टचा एक उपयोग लगेच शिकून घ्या: खिडकी बंद करायच्या चौकोनावर अ‍ॅडजस्टने क्लिक केलं, तर खिडकी बंद होते आणि तिची वरची डिरेक्टरी उघडते. सीडीच्या खोल खोल डिरेक्टरींतून वर यायला याहून सोपं काही नाही.

खऱ्या मशीनवर ही पायरी म्हणजे सीडी घालणं आणि आयकॉनवर क्लिक करणं, बस. पायवर प्रतिमा थेट चढवायची असेल तर सीडीफेकरसारखं साधन लागतं, ते आयएसओ फाइलला खऱ्या सीडीसारखं दाखवतं.

फाइलरला ओळख करून द्या

रिस्क ओएसमध्ये प्रोग्रॅम ‘इन्स्टॉल’ होत नाहीत. फाइलरने, म्हणजे खिडक्या दाखवणाऱ्या भागाने, एखादं अ‍ॅप एकदा पाहिलं की त्याची ओळख होते. डिरेक्टरीची खिडकी उघडताच तिच्यातल्या अ‍ॅपच्या आतली !बूट फाइल चालते आणि आपण कुठे आहोत, कुठले शिक्के आपले, हे ते अ‍ॅप प्रणालीला सांगून ठेवतं. मशीन बंद केलं की ही ओळख पुसली जाते.

हे ध्यानात आलं, की निम्म्या तक्रारी सुटतात. ब्राउझर ज्या डिरेक्टरीत आहे ती खिडकी सुरू केल्यापासून एकदाही उघडली नसेल, तर एचटीएमएल फाइलवर डबल क्लिक करून काही होणार नाही, कारण तो शिक्का कुणाचा हे कुणी सांगितलेलंच नाही. तेव्हा क्रम असा ठेवा: आधी ब्राउझरची डिरेक्टरी उघडा, मग सीडीची. प्रोग्रॅम सुरू करताना सिस्टिम रिसोर्सेस सापडत नाहीत अशी तक्रार आली, तर !सिस्टिम (प्रोग्रॅमना लागणारे सामायिक भाग, म्हणजे मॉड्यूल, ठेवणारी डिरेक्टरी) फाइलरच्या नजरेस पडलेलं नाही. बूट नीट झालेलं असेल तर ही वेळ सहसा येत नाही.

सीडीवर स्वतःचं !सिस्टिम असेल तर सावध राहा. आपल्या हार्ड डिस्कवरच्या !सिस्टिमवर ते ओढून टाकू नका, त्याने नवीन मॉड्यूलवर जुनी चढतात. कॉन्फिगरमध्ये सिस्टिम नावाचा विभाग आहे, त्यातला मर्ज वापरा. तो आवृत्ती बघून फक्त नवीन असेल तेच घेतो.

ब्राउझर

त्या काळातले ब्राउझर म्हणजे एएनटी कंपनीचा फ्रेस्को, खुद्द एकॉर्नचा ब्राउझ, वेबस्टर, थोडा नंतरचा ओरेगानो. आजही ज्यावर काम चालू आहे तो म्हणजे नेटसर्फ, २००२ मध्ये सुरू झालेला आणि मुळात रिस्क ओएससाठीच लिहिलेला.

नेटसर्फपासून सुरुवात करा. नीट सांभाळलेला आहे, आणि सीडीवरची साधी पानं त्याला जड जात नाहीत. फक्त त्याच्यासोबत आलेलं !सिस्टिम मर्ज करायला विसरू नका. शेअर्डयुनिक्सलायब्ररी, आयकॉनव्ह आणि टिंक्ट ही मॉड्यूल नसतील तर तो उठणारच नाही. मशीन जुनं असेल, मेमरी थोडी असेल, तर फ्रेस्को हलका पडतो. सीडीवरच एखादा ब्राउझर दिलेला असेल तर तोही एकदा चालवून बघा, कारण पानं बनवणाऱ्याने बहुधा त्यातच तपासून पाहिली असणार.

पान उघडणं

आता मूळ मुद्दा. ब्राउझर सुरू करा, त्याचं आयकॉन आयकॉन बारवर उजवीकडे येईल. सीडीची खिडकी उघडा, इंडेक्स फाइल माऊसने उचला आणि ब्राउझरच्या त्या आयकॉनवर नेऊन सोडा. डबल क्लिक करू नका, पत्ता टाइप करत बसू नका. ओढून टाकलं की शिक्का बरोबर असो की चूक, ब्राउझर बहुतेक वेळा ती फाइल पान म्हणून उघडायचा प्रयत्न करतो.

पत्ता टाइप करू नका असं म्हणण्यालाही कारण आहे. रिस्क ओएसमध्ये डिरेक्टरी वेगळी करायला टिंब वापरतात आणि फाइलच्या नावातल्या टिंबाच्या जागी तिरकी रेघ येते. म्हणजे बाकी जगात जे इंडेक्स.एचटीएमएल, ते इथे इंडेक्स/एचटीएमएल. सीडीवरच्या फाइलचा पूर्ण पत्ता म्हणजे सीडीएफएस (सीडी वाचणाऱ्या भागाचं नाव), मग दोन अपूर्णविराम (::), डिस्कचं नाव, टिंब, डॉलरचं चिन्ह आणि मग पुढची वाट. डॉलर म्हणजे डिस्कचं मूळ. ब्राउझरच्या पत्त्यात मात्र टिंब आणि रेघ पुन्हा उलटे होतात, आणि प्रत्येक ब्राउझर हा उलटफेर थोडा आपापल्या पद्धतीने करतो. माऊसने ओढलं की ही सगळी डोकेदुखी ब्राउझरची.

फाइल एडिटमध्येच उघडत असेल, तर तिच्यावर एफएफएफचा, साध्या मजकुराचा, शिक्का आहे. असं का होतं? सीडी बनवताना ती पानं दुसऱ्या संगणकावरून आलेली असतील आणि शिक्के मारायचे राहिले असतील. सीडीवर शिक्का बदलता येत नाही, ती वाचण्यापुरतीच. फाइल हार्ड डिस्कवर कॉपी करा, तिच्यावर मेनू दाबा, फाइल या ओळीतून सेट टाइपमध्ये जा, तिथे एचटीएमएल लिहा आणि एंटर दाबा. आयकॉन डोळ्यांदेखत बदलतं. पहिल्यांदा ते बदलताना बघितलं की शिक्क्याचं प्रकरण कायमचं समजतं.

पान आलं, पण दुव्यावर क्लिक केल्यावर ‘फाइल सापडत नाही’? इथे स्रोत बघावा. शिफ्ट दाबून एचटीएमएल फाइलवर डबल क्लिक करा, ती मुद्दाम एडिटमध्ये उघडते. समजा दुव्यात दोन टिंबं, तिरकी रेघ, मग रिव्ह्यूज, तिरकी रेघ आणि चेस.एचटीएम असं लिहिलंय. म्हणजे एक डिरेक्टरी वर जा, तिथल्या रिव्ह्यूजमध्ये चेस/एचटीएम बघा. हा सापेक्ष दुवा, सीडी कुठेही ठेवली तरी चालायला हवा. फाइलरमध्ये जाऊन रिव्ह्यूज उघडा आणि नाव अक्षर अक्षर जुळवा. लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांची चिंता रिस्क ओएसवर करायची गरज नाही, तिथे तो भेद मानलाच जात नाही. (हीच पानं लिनक्सवर उघडणाऱ्यांना मात्र याच कारणाने दुवे तुटलेले दिसतात, आणि ते सीडीला दोष देतात.)

दुव्यात सीडीएफएस आणि डिस्कचं नावच लिहिलेलं असेल, तर तो निरपेक्ष दुवा. मूळ नावाची सीडी चढवलेली असेल तरच तो चालतो. फाइल कॉपी करून हार्ड डिस्कवरून चालवणाऱ्यांचं इथे अडतं. प्रतिमा जशीच्या तशी चढवणाऱ्यांचं अडत नाही, कारण डिस्कचं नावही प्रतिमेतच आहे.

कॉपीचा आणखी एक सापळा, आणि हा फार फसवा आहे. रिस्क ओएस ४ च्या आधी हार्ड डिस्कवर फाइलचं नाव १० अक्षरांपुरतंच असे आणि एका डिरेक्टरीत ७७ नोंदी. कॉन्टेंट्स/एचटीएमएल हे इंग्रजीत १३ अक्षरांचं नाव आहे. नावं छाटायची सोय चालू असेल, तर कॉपी होताना त्याची शेपूट गुपचूप कापली जाते, काहीही तक्रार न येता. फाइल आहे, दुवा आहे, पण दोघांची नावं जुळत नाहीत. जुन्या आराखड्याच्या डिस्कवर पानं कॉपी करायची नाहीत, सीडीवरूनच वाचायची. १९९९ च्या रिस्क ओएस ४ सोबत आलेल्या नव्या आराखड्यात ही मर्यादा उठली.

फ्रेममध्ये विभागलेलं पान अर्धंच दिसत असेल, तर डाव्या बाजूची अनुक्रमणिका ज्या फाइलमध्ये आहे तीच थेट ब्राउझरवर ओढा. बाहेरच्या संकेतस्थळांचे दुवे सोडून द्या, १९९० च्या दशकातले ते पत्ते आता क्वचितच जिवंत असतात.

पानावरून प्रोग्रॅमपर्यंत

पानावर लिहिलेलं असतं ‘हा खेळ चालवण्यासाठी इथे क्लिक करा’, आणि क्लिक केल्यावर ब्राउझर फाइल सेव्ह करायची खिडकी काढतो किंवा डिरेक्टरीची नुसती यादी दाखवतो. दुवा अ‍ॅपकडे असेल तर हे होणारच. ब्राउझरच्या दृष्टीने अ‍ॅप म्हणजे एक डिरेक्टरी, तिला ‘चालवणं’ हे फाइलरचं काम.

म्हणून मी नेहमी दोन खिडक्या शेजारी शेजारी ठेवतो: डावीकडे ब्राउझर, उजवीकडे सीडीची फाइलर खिडकी. पानावर वाचायचं, दुव्यावर माऊस नेऊन खाली दिसणारा पत्ता बघायचा, आणि त्या पत्त्याने फाइलरमध्ये चालत जायचं. पान हा रस्त्यावरचा फलक आहे, चालायचं आपल्यालाच. दोन-तीनदा केलं की हात बसतो, आणि सीडीची मांडणी डोक्यात पक्की होते. पानावर उल्लेखच नसलेल्या डिरेक्टरी या चालण्यातच सापडतात. मला त्यातच सगळ्यात जास्त आनंद मिळतो.

अ‍ॅप सापडलं की आधी ते हार्ड डिस्कवर कॉपी करा, मग चालवा. रिस्क ओएसची अनेक अ‍ॅप आपली सेटिंग स्वतःच्याच डिरेक्टरीत लिहितात, आणि सीडीवर लिहिता येत नाही, मग चूक दाखवून थांबतात. कॉपी रिस्क ओएसच्या आतूनच करा, म्हणजे शिक्के सोबत येतात. आत काय आहे ते बघायचं असेल तर शिफ्ट दाबून अ‍ॅपवर डबल क्लिक करा. अ‍ॅपवर मेनू दाबल्यावर हेल्प मिळालं तर ते आवर्जून वाचा.

बऱ्याच गोष्टी आर्काइव्हमध्ये बांधलेल्या असतात, शिक्का डीडीसी. त्यासाठी डेव्हिड पिलिंग यांचं स्पार्कप्लग हे मोफत साधन घ्या. ते सुरू असलं की आर्काइव्ह डिरेक्टरीसारखं उघडतं आणि आतल्या गोष्टी ओढून बाहेर काढता येतात. रिस्क ओएसवर बनवलेल्या झिप फाइलमध्येही शिक्के जपलेले असतात, पण ती झिप विंडोजवर उलगडली की गेले. बाहेर काही उलगडू नका.

प्रोग्रॅम सुरूच होत नाही

पहिला संशय २६ बिटांवर. रिस्क ओएस ५ वर असाल तर ३.७ किंवा ४ वर चालवून बघा. तिथेही अडत असेल, तर प्रोसेसर बदला. १९९६ मध्ये रिस्क पीसीसाठी स्ट्राँगएआरएम आला, त्यात आज्ञांसाठी आणि डेटासाठी वेगवेगळे कॅश, म्हणजे चिपमधले जलद तात्पुरते साठे, होते. चालता चालता स्वतःचीच आज्ञा बदलणारे जुने प्रोग्रॅम, विशेषतः खेळ, त्यावर गडबडतात: बदललेली आज्ञा एका कॅशमध्ये आणि चिप जुनी आज्ञा दुसऱ्यातून वाचतेय, असं होतं. आरपीसीईएमयूच्या सेटिंगमध्ये प्रोसेसर एआरएम ६१० किंवा ७१० करा आणि पुन्हा प्रयत्न करा. खऱ्या मशीनवर यासाठी कार्ड काढून बदलावं लागे.

या पत्त्यावर लिहिता येण्याजोगी मेमरी नाही अशा अर्थाची चूक आली, तर प्रोग्रॅमला मिळालेली जागा कमी पडली. आयकॉन बारच्या अगदी उजव्या टोकाच्या आयकॉनवर क्लिक करून टास्क मॅनेजरची खिडकी उघडा, त्यातली नेक्स्टची पट्टी, म्हणजे पुढच्या प्रोग्रॅमला मिळणारी मेमरी, उजवीकडे ओढून मोठी करा.

फ्लॉपी असेल तर

मासिकासोबत फ्लॉपी आलेली असेल तर शिक्क्यांची काळजी कमी, वाचण्याची जास्त. ८०० केबीच्या एकॉर्न फ्लॉपीवर एका ट्रॅकवर १०२४ बाइटचे पाच सेक्टर असतात, दोन बाजू, ८० ट्रॅक. यूएसबीवर लावायच्या फ्लॉपी ड्राइव्हना ही रचना बहुधा वाचता येत नाही. मदरबोर्डला जोडलेला जुना ड्राइव्ह किंवा फ्लॉपीची चुंबकीय नोंद थेट वाचणारं कार्ड लागेल. प्रतिमा मिळाली की इम्युलेटरच्या डिस्क मेनूतून ती फ्लॉपी म्हणून चढवा, बाकी सगळं वरच्यासारखंच.

काढलेल्या प्रती इतरांना देण्याआधी सीडीवरच्या परवान्याच्या फाइल वाचा. फ्रीवेअर आणि डेमो एक गोष्ट, पण वाचकांसाठी म्हणून दिलेला पूर्ण प्रोग्रॅम पुढे वाटायचा हक्क तुमच्याकडे असेलच असं नाही.

पानं रोज उघडायला हवी असतील, तर ती इम्युलेटरच्या होस्टएफएसमध्ये, म्हणजे नेहमीच्या संगणकाशी सामायिक असलेल्या फोल्डरमध्ये, कॉपी करून ठेवता येतात, पुन्हा रिस्क ओएसच्या आतूनच. मग नेहमीच्या संगणकावर त्या फोल्डरमध्ये डोकावून बघा: इंडेक्स.एचटीएमएल या नावापुढे स्वल्पविराम आणि एफएएफ अशी तीन अक्षरं जोडलेली दिसतील. तो शिक्का आहे, नावात लिहून ठेवलेला. नाव सुटसुटीत करायच्या नादात ती अक्षरं पुसू नका. आणि आयएसओच्या शेजारी एक छोटी मजकूर फाइल ठेवा: मासिकाचं नाव, अंकाचा महिना, डिस्कचं नाव, प्रतिमेचा आकार, न वाचलेले सेक्टर किती, कुठल्या ब्राउझरमध्ये पानं नीट दिसली आणि कुठला प्रोग्रॅम कुठल्या प्रोसेसरवर चालला.